जुनी मोटार, तिप्पट किंमत

‘सेकंडहँड’ या शब्दाइतका बिचारा शब्द दुसरा नसेल. लग्नाच्या बाजारात बिजवराकडे पाहावे तसे लोक सेकंडहँड मोटारीकडे पाहतात. आधी चार दोष सांगायचे, मग भाव पाडायचा, ही जगाची रीत. जपानातल्या एका कारखान्याने ही रीत साफ उलटी केली. ती हकीगत दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगी आहे.

निस्सान कंपनीच्या ‘स्कायलाइन जीटी-आर’ मोटारीचे नाव वेगाच्या शौकिनांत फार मोठे. तिचा ‘आर-३४’ हा अवतार जानेवारी १९९९ मध्ये आला आणि ऑगस्ट २००२ मध्ये बंद झाला. धुराविषयीचे सरकारी नियम कडक झाले, त्यांत तो बसेना. सहा सिलिंडरांचे, दोन टर्बो लावलेले २.६ लिटरचे इंजिन. शक्ती कागदोपत्री २८० अश्वशक्ती. याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही, असा जपानी कारखानदारांचा त्या काळी आपसांत संकेत होता. तेव्हा हा आकडा जाहिरातीतल्या उपवराच्या वयासारखा समजावा. छापलेला एक, खरा थोडा पुढे!

‘निस्मो’ ही निस्सानची शर्यतीची शाखा १९८४ मध्ये निघाली. तिला वीस वर्षे होत आली, तेव्हा या गाडीचे अखेरचे, सर्वांत उत्तम रूप घडवावे असे तिथल्या मंडळींच्या मनात आले. इंग्रजी वर्णमालेतले शेवटचे अक्षर घेऊन नाव ठेवले ‘झेड-ट्यून’. पण नव्या गाड्या आणायच्या कुठून? त्या तर बंद झालेल्या. मग मंडळींनी काय करावे? आपल्याच जुन्या गाड्या परत विकत घेतल्या! अट एवढीच, की गाडी तीस हजार किलोमीटरपेक्षा कमी धावलेली हवी.

घेतलेली गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडायची. सांगाड्याला जास्तीचे वेल्डिंग देऊन बळकटी आणायची. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड हलक्या कार्बन फायबरचे बसवायचे. इंजिन सुटे करून शर्यतीच्या अनुभवाने पुन्हा बांधायचे, ते २.६ चे २.८ लिटर झाले आणि शक्ती ५०० अश्वशक्तीवर गेली. आपल्याकडे गोधडी शिवतात तशातला हा प्रकार नव्हे. जुने दागिने आटवून नवा घाट करावा तसला हा मामला.

वीस गाड्या करायचे ठरले होते. तेवढ्याही पुऱ्या झाल्या नाहीत. किंमत सुमारे पावणेदोन कोटी येन. कोरी करकरीत जीटी-आर १९९९ मध्ये पन्नास लाख येनच्या आसपास मिळे. म्हणजे वापरलेली गाडी नव्याच्या तिप्पट भावाने गेली!

‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून कुणी हे सोडून देईल. चोचले आहेतच, पण पुढची गोष्ट तेवढ्यावर उडवून लावण्यासारखी नाही. २०१७ मध्ये निस्सानने १९८९ सालच्या ‘आर-३२’ जीटी-आरचे मिळेनासे झालेले सुटे भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी हिरोशिमाच्या माझदा कंपनीने आपल्या पहिल्या ‘रोडस्टर’ गाड्या गिऱ्हाइकांकडून घेऊन नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. तीस वर्षांपूर्वी विकलेली वस्तू आपली आहे, असे विकणाराच म्हणू लागला.

आणि आपला अनुभव काय? मिक्सर बिघडला की दुकानदार तो हातातही न घेता सांगतो, “याचे पार्ट येत नाहीत हो, नवाच घ्या.” वस्तू चांगली असते, बिघाड चार आण्यांचा असतो, पण करणाऱ्याने पाठ फिरवली की तिची रवानगी माळ्यावर. वस्तू जुनी होते ती वापराने थोडी आणि बेवारशीपणाने फार. जपानातल्या त्या वीसेक गाड्यांना त्यांच्या कर्त्यांनी परत दारात घेतले, म्हणून त्या सोन्याच्या झाल्या. आपल्याला पाचशे अश्वशक्ती नको. मिक्सरचे एक पाते मिळाले तरी पुष्कळ!