सर्व्हरची रोजकीर्द

लग्नसराईचे दिवस, सायंकाळचे साडेसहा. घाऊक कापडाची एक मध्यम पेढी डोळ्यांसमोर आणावी. गिऱ्हाइकांची माणसे बिलासाठी खोळंबली आहेत, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवितो आहे, आणि बिल करणारा मुलगा पडद्याकडे पाहत हातावर हात ठेवून बसला आहे. पोटमाळ्यावरचा सर्व्हर अडला आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी तो आपोआप सुरळीत चालू लागतो, तोवर दोन गिऱ्हाइके ‘उद्या येतो’ म्हणून निघून गेलेली असतात. ‘मशीन जुने झाले, शेठजी,’ असे संगणकवाला सांगतो आणि दुसऱ्याच दिवशी नव्या सर्व्हरचे दरपत्रक धाडतो. मुनीमजींचे म्हणणे वेगळे. मशीन जुने झाले असते, तर रोजच अडले असते. हे तर मधूनच होते. शेठजींना दोघांचेही पटते, पण निर्णय कशाच्या आधारावर करावा ते उमगत नाही. ज्या पेढीवर एका रुपयाचा मेळ लागला नाही तर रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, त्याच पेढीवर सारा हिशेब ज्या यंत्रात आहे त्या यंत्राची मात्र एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नसते.

सर्व्हरचीही रोजकीर्द ठेवता येते, आणि तिला फारसा खर्च येत नाही. तिच्यात दोन खाती मुख्य. पहिले प्रोसेसरचे, म्हणजे काम उपसणाऱ्या हाताचे: ठरावीक काळात तो किती टक्के वेळ कामात होता. दुसरे मेमरीचे, म्हणजे गादीसमोरच्या त्या डेस्कचे, ज्यावर चालू कामाच्या वह्या उघड्या असतात. डेस्क अपुरे पडले की प्रत्येक वही कपाटातून काढायची आणि परत ठेवायची. सर्व्हरमध्ये ते कपाट म्हणजे डिस्क, आणि तिथली ये-जा मेमरीच्या मानाने फारच संथ. यंत्र अडल्यावर पडद्यावर एकदा डोकावून पाहिलेला आकडा मात्र निरुपयोगी असतो. दुपारी तीन वाजता गल्ल्यात डोकावून कोणी वर्षाचा नफा सांगत नाही. आकडा हवा तो कालचा, परवाचा आणि मागच्या महिन्यातील वीस तारखेचा.

असे आकडे सतत टिपून त्यांचा आलेख काढण्याची जी रीत आज जगभर रूढ आहे, तिच्या एका महत्त्वाच्या धाग्याचा उगम इंग्लंडमधील लेस्टर शहरात आहे. हे शहर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरामुळे अनेक वाचक-कुटुंबांना परिचित असेलच. तेथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठात १९९४ साली टोबियास ओटिकर हा स्विस तरुण काम करीत होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी दूरसंचार-वाहिनी एकच, आणि तीही ६४ किलोबिटची. ती कधी तुंबते, याची प्रत्येकाला उत्सुकता. ओटिकरने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो वाहिनीवरील वर्दळ मोजत राही आणि आलेख ताजा करीत राही. १९९५ च्या वसंतात हे साधन ‘एमआरटीजी’ या नावाने सर्वांसाठी खुले झाले. पुढे डेव्ह रँड याने त्याचा संथ भाग नव्याने लिहून दिला आणि साधन वेगवान झाले. मूळ मोजणी वाहिनीची असली, तरी लोकांनी तिच्यात प्रोसेसर आणि मेमरीचे आकडेही भरावयास सुरुवात केली. १९९९ मध्ये ओटिकरनेच त्यातील नोंदवहीचा भाग वेगळा काढून ‘आरआरडीटूल’ तयार केले.

या नोंदवहीची रचना व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला न सांगताही कळावी. वहीची पाने ठरलेली. एकही वाढत नाही. दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. शेवटचे पान भरले की पुन्हा पहिले पान पुसून त्यावर लिहावयाचे. परंतु त्याआधीच सविस्तर नोंदींवरून सारांशाची पाने तयार होत गेलेली असतात: एमआरटीजीच्या आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची सरासरी, महिन्याच्या आलेखात दोन तासांची, वर्षाच्या आलेखात एका दिवसाची. रोजकीर्दीतून खतावणी आणि खतावणीतून ताळेबंद, असाच हा क्रम. कालची सायंकाळ मिनिटांच्या हिशेबाने दिसते, गेल्या वर्षीची दिवाळी केवळ तिच्या ठोकळ आकाराने. आणि वही मात्र पहिल्या दिवशी जेवढी जाड होती तेवढीच राहते.

येथेच पहिली फसगत होते. सरासरी ही मोठी गोड बोलणारी चीज आहे. पाच मिनिटांत तीस सेकंद प्रोसेसर पूर्ण १०० टक्के भरलेला आणि उरलेला वेळ १० टक्के, तर वहीत नोंद होते १९ टक्क्यांची. त्या तीस सेकंदांत गिऱ्हाईक ताटकळले, हे वहीला ठाऊकच नाही. म्हणून जाणकार मंडळी सरासरीच्या शेजारी त्या काळातला कमाल आकडाही जपून ठेवतात; आरआरडीटूलमध्ये तशी सोय आहे. वर्षाच्या आलेखावर बोट ठेवून ‘यंत्र तर निवांत आहे’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला आधी कमाल आकड्याची रेघ दाखवावयास सांगावी.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा अधिक गाभे असतात. चार गाभे म्हणजे चार हात. जुन्या धाटणीचे काही प्रोग्रॅम एका वेळी एकच हात वापरतात. तो हात पूर्ण दमला, तरी चार गाभ्यांच्या यंत्रावर एकूण आकडा दिसतो केवळ २५ टक्के. आलेखावरील रेघ कामाच्या वेळी २५ वर जाऊन तिथेच सपाट झालेली दिसली, तर ते आरामाचे लक्षण मानू नये. एक गाभा पुरता अडकला आहे. अशा वेळी आठ गाभ्यांचे नवे यंत्र आणले, तर काम तेवढ्याच वेळात होईल आणि आकडा मात्र साडेबारा टक्के दिसेल. प्रत्येक गाभ्याचे खाते वेगळे मांडले की हे चटकन उमगते.

मेमरीच्या खात्यात भीती उलट दिशेने पसरते. लिनक्सच्या यंत्रावर मोकळी मेमरी जवळजवळ शून्य पाहून अनेकांची छाती दडपते. वस्तुतः रिकामी पडलेली मेमरी लिनक्स फायलींच्या प्रती ठेवण्यासाठी वापरते आणि प्रोग्रॅमने मागताच बहुतांशी परत देते. मागताक्षणी परत मिळणारी हातउसनी रक्कमच ती. केवळ गल्ल्यातील रोकड पाहून कोणी पेढीची पत ठरवीत नाही. म्हणूनच २०१४ मध्ये लिनक्सच्या नोंदींत ‘उपलब्ध मेमरी’ हा वेगळा आकडा आला. आलेख काढावा तो त्याचा. विंडोजवर डेटाबेस चालत असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. एसक्यूएल सर्व्हरला मर्यादा घालून दिली नाही, तर तो मिळेल तेवढी मेमरी हळूहळू आपल्याकडे घेतो. ते बिघाडाचे लक्षण नव्हे, पण मर्यादा घालून देणे शहाणपणाचे.

खरी चिंता करावी ती करवतीच्या दात्यांसारख्या रेघेची. मेमरीचा वापर सोमवारपासून रोज थोडा थोडा चढतो, रात्री काम बंद असतानाही उतरत नाही, शुक्रवारी माथ्याला टेकतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो. कोणता तरी प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत करीत नाही, हेच ती रेघ सांगते. उधारीची वसुली न होणारे खाते जसे हळूहळू भांडवल गिळते, तसेच हे. येथे अधिक मेमरी विकत घेणे म्हणजे शुक्रवारचे संकट पुढच्या बुधवारवर ढकलणे होय. प्रोग्रॅम दुरुस्त करवून घेणे हाच उपाय.

साधनांविषयी थोडक्यात. विंडोजमध्ये ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ मुळातच असतो, आणि त्याला दिवसभर नोंद करण्याचे काम सोपविता येते. लिनक्सवर ‘सिस्टॅट’ संचातील ‘सार’ दर दहा मिनिटांनी नोंद करतो. पुष्कळ यंत्रे असणाऱ्या मोठ्या उद्योगांसाठी, २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेले ‘प्रॉमिथियस’ आहे. मात्र त्यातील नोंदी मर्यादा न बदलल्यास पंधरा दिवसच राहतात. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पंधरा दिवस म्हणजे काहीच नव्हे. जीएसटीची विवरणपत्रे, महिनाअखेर, दिवाळी, ३१ मार्च, ही सारी चक्रे त्याहून मोठी. निदान तेरा महिन्यांच्या नोंदी असाव्यात, म्हणजे यंदाचा मार्च गेल्या मार्चशेजारी ठेवून पाहता येतो. शिवाय २० तारखेला विवरणपत्र अडले, तर आपले यंत्र दमले होते की सरकारी पोर्टल, याचा वादही त्या तासाची रेघ पाहून मिटतो.

आता पुन्हा त्या पेढीकडे. दरपत्रक बाजूला ठेवून तिने दोन आठवडे नोंदी केल्या, असे समजावे. साडेसहाला प्रोसेसर वीस टक्क्यांच्या पुढे जात नाही, एकेक गाभा वेगळा पाहिला तरी नाही. मेमरीची रेघ सपाट. सहज म्हणून मांडलेल्या तिसऱ्या खात्यात मात्र, म्हणजे डिस्कपुढील कामांच्या रांगेत, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी बरोबर साडेसहाला डोंगर उभा राहतो आणि सातच्या सुमारास ओसरतो. बॅकअप! सारा हिशेब त्या तीन सायंकाळी दुसऱ्या डिस्कवर उतरविला जातो. वेळ ठरली होती तेव्हा पेढी सहाला बंद होत असे. आता साडेआठपर्यंत चालते. ती मध्यरात्री का ठेवली नव्हती, याचे उत्तर मुनीमजींना तोंडपाठ. शेवटी निघणारा माणूस मेन स्विच बंद करून जातो, हा थोरल्या शेठजींच्या काळापासूनचा शिरस्ता. त्यामुळे रात्री सर्व्हर चालू राहतच नाही.

उपाय निघाला तो वायरमनकडून. सर्व्हरपुरती वेगळी लाइन आणि वेगळा स्विच; बॅकअप आता रात्री दीडला. त्या स्विचवर चिकटविलेल्या कागदावर मुनीमजींच्या वळणदार अक्षरांत चारच शब्द आहेत: ‘हा बंद करू नये.’