जागेचा सदुपयोग

आमच्या पुलगावच्या घरात जागा फार वाया जाते, हा शोध नागपूरहून आलेल्या भाच्याने लावला. भाचा इंटिरियर डिझायनर. चहा व्हायच्या आतच त्याने टेप काढला आणि जाहीर केलं, "मामा, ही ओसरी म्हणजे डेड स्पेस आहे."

ओसरीत सुपारी कातरत बसलेली आई म्हणाली, "काऊन रे बाप्पा, मी जिवंत आहे ना अजून!"

त्याच्या नकाशात ओसरीची बेडरूम झाली होती, पलंग भिंतीत मिटत होता आणि खिडकीच्या जागी कपाट होतं. आता माझी तक्रार ऐका. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीशी ओलांडतो. कूलर एका खिडकीतून ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी लागते. ती बुजवली की कपाटातले शर्ट मजेत राहतील, आपण मात्र इडलीसारखे वाफवून निघू.

आणि मिटणाऱ्या पलंगाचं एवढं काय कौतुक? आमची गादी रोज सकाळी वळकटी होऊन कोपऱ्यात जायची. त्याच खोलीत दिवसा पंगत बसे, अभ्यास चाले, रात्री अकरा माणसं झोपत. आर्वीची छोटी गाडी होती तेव्हा ती चुकलेला पाहुणा हमखास आमच्या ओसरीत पसरायचा. ही सोय कुणी डिझाइन केली नव्हती.

सेवाग्राम इथून लांब नाही. तिथलं 1936 सालचं आदि निवास पाहून या. गांधीजी, कस्तुरबा आणि पाहुणे, सगळे त्या एकाच खोलीत राहत. जागा मोठी नव्हती. 'सरका जरा' म्हणायची तयारी मोठी होती.

मी सुधारणेचा वैरी नाही. जिन्याखाली कपाट करा, माळ्याला दार लावा. पण ज्या नकाशात मिक्सरला जागा आहे आणि आईला नाही, तो मला मान्य नाही. "आजीसाठी आत कॉर्नर आहे की," भाचा म्हणाला. पण त्या कोपऱ्यातून रस्ता दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे डॉक्टर आला, हे न दिसता आईने तिथे करायचं काय? माणसाला कपाटात नीट घडी घालून ठेवणं, याला मी सदुपयोग म्हणत नाही.

ओसरी राहिली. नकाशाही वाया गेला नाही. आईने तो फडताळात अंथरलाय. म्हणते, "पोराचं काम चांगलं आहे. कागद अगदी मापात बसला!"