रक्तदान शिबिरातून परत फिरलेल्या मुली

आपल्या महाविद्यालयांत वर्षभर आरोग्याचे किती कार्यक्रम होतात हे पाहायचे असेल, तर वर्तमानपत्राचे जिल्हा पान चाळावे. १२ जानेवारीला युवक दिन, २१ जूनला योग दिन, १ ऑक्टोबरला ऐच्छिक रक्तदान दिन, १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन. दर वेळी एक फलक, एक व्याख्याता, एक शाल-श्रीफळ आणि दुसऱ्या दिवशी एक छायाचित्र. अशा छायाचित्रांत मीही पुष्कळदा उभा राहिलो आहे, तेव्हा टिंगल करण्याचा हेतू नाही. माझे म्हणणे वेगळेच आहे. यांपैकी एका कार्यक्रमात खरोखर मोलाची माहिती हाती लागते आणि संध्याकाळी खुर्च्या उचलताना ती मांडवातच पडून राहते.

तो कार्यक्रम म्हणजे रक्तदान शिबिर. रक्त घेण्यापूर्वी रक्तपेढीची माणसे प्रत्येकाचे वजन आणि रक्तदाब पाहतात, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन तपासतात. वय १८ पूर्ण हवे, वजन किमान ४५ किलो हवे आणि हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम हवे. यात बसत नसेल तर तंत्रज्ञ हळूच सांगतो, "ताई, तुमचं जमायचं नाही." ती मुलगी ओशाळून उठते, मैत्रिणी हसतात, एखादा टवाळ पोरगा "हिच्यात रगतच न्हाई" म्हणून मोकळा होतो. शिबिराच्या अहवालात किती पिशव्या रक्त जमले हे ठळक छापून येते. किती जणी परत गेल्या आणि का, हे कुठेच येत नाही.

माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची यादी तीच असते.

या मुली कोण असतात ते पाहा. गेवराई तालुक्यात चकलांबा आणि आजूबाजूच्या गावांतून बारावीनंतर शिकायचे म्हणजे बहुतेकींना तालुक्याची वाट धरावी लागते. सकाळची एसटी गाठायची तर घरातून चहा आणि फार तर दोन टोस्ट खाऊन निघायचे. डबा असलाच तर भाकरी आणि ठेचा. दुपारी परतल्यावर पाणी, भांडी, धाकटी भावंडे. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेने गेले असतील, तर घराची सगळी धुरा हिच्याच डोक्यावर. रात्री सर्वांचे झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिचे जेवण. त्यात दरमहा पाळी, आणि ती अंगावरून फार जात असली तरी सांगणार कुणाला? मग वर्गात डोके दुखते, जिना चढताना धाप लागते, वाचलेले ध्यानात राहत नाही. मास्तर म्हणतात, पोरगी आळशी आहे. घरचे म्हणतात, मोबाइल फार बघते.

आकडे सांगायचे तर २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एक. त्याच पाहणीत विसाव्या ते चोविसाव्या वर्षातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. आपल्या बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होते. आज जी मुलगी रक्तदानाच्या खाटेवरून परत फिरली, ती वर्ष-दोन वर्षांत बाळंतपणाच्या खाटेवर असू शकते. अंगात आठ-नऊ ग्रॅम रक्त घेऊन बाळंत होणाऱ्या बाईला थोडाही जास्त रक्तस्राव झाला की तिच्या आणि मरणाच्या मध्ये फारसे अंतर राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याला विसरता येण्यासारखी नाही. २०१९ साली बीडमधील ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, कंबरदुखी या तक्रारी वेळेवर कुणी नीट ऐकल्या नाहीत की त्या कुठल्या थराला जातात, याचा तो पुरावा आहे. विसाव्या वर्षी ज्या मुलीला "पाळी किती दिवस चालते?" असे कुणी तरी विचारले, तिला पस्तिसाव्या वर्षी "पिशवी काढून टाका" म्हणणाऱ्याला उलटा प्रश्न करण्याचे बळ येते, असे मला वाटते.

आता महाविद्यालयांकडे यंत्रणा नाही असे कुणी म्हणू नये. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे शिबिर वेगळे. शिवाय रेड रिबन क्लब असतो. एड्सविषयी जागृतीबरोबरच ऐच्छिक रक्तदानाचा प्रसार हेही त्याचे काम आहे. (नॅकची समिती येणार म्हटले की या मंडळांच्या पाट्या कशा नव्याने रंगतात, ते प्राध्यापक मंडळींना ठाऊक आहे. असो.) माणसे आहेत, तास आहेत, पाट्याही आहेत. त्यांना एक ठरावीक काम हवे आहे.

आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात १९८९ साली तरुणांचा एक मजेदार संकल्प सुरू झाला. वयाच्या पंचविशीपर्यंत पंचवीस वेळा रक्तदान करायचे. एड्सच्या त्या काळात यामागचा विचार मोठा शहाणपणाचा होता. ज्याला वारंवार रक्त द्यायचे आहे, त्याला स्वतःचे रक्त चांगले राखावे लागते. खाण्यापिण्याकडे आणि वागण्याकडे लक्ष द्यावे लागते. क्लब रक्तदानाचा, पण कामाला येतो तो आरोग्याला. आपल्याकडे हीच गोष्ट थोडी फिरवून करता येईल. 'या वर्षी परत गेलेल्या मुलींनी पुढच्या वर्षी रक्त द्यावे' एवढाच संकल्प मंडळाने घ्यावा.

तो पार पाडायला मोठा खर्च नाही. शिबिराच्या दिवशी एका प्राध्यापिकेने शेजारच्या खोलीत बसावे आणि परत आलेल्या मुलीचा आकडा एका वहीत टिपावा. ही वही कुलपात राहील, फलकावर लागणार नाही, वर्गात वाचली जाणार नाही. नाहीतर पुढच्या शिबिराला मुली फिरकणारच नाहीत. इथे एक खुलासा केला पाहिजे. १२.५ ही रक्त देण्याची मर्यादा आहे, आजाराची नव्हे. मुलीच्या बाबतीत १२ च्या खाली आणि मुलाच्या बाबतीत १३ च्या खाली गेले तर रक्तक्षय म्हणतात. ज्यांचे ११ च्याही खाली आहे, त्यांनी आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावे. एकटीला पाठवले तर ती जाणार नाही. चौघी-पाचजणींना बरोबर घेऊन सेवा योजनेच्या बाईंनी जावे. १२० तासांत हे तास का धरू नयेत?

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अडचण मिळण्याची नसते, घेण्याची असते. दोन दिवसांत मळमळ होते, शौच काळे होते आणि घाबरून गोळ्या फडताळात जातात. शौच काळे होणे हे लोहामुळे आहे, त्यात भ्यायचे काही नाही; मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा पेरू बरोबर असला तर लोह चांगले शोषले जाते. रक्त भरले असे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेला पूर्ण काळ, साधारण तीन महिने, गोळ्या सोडू नयेत. अशा वेळी शेजारच्या बाकावरची मैत्रीण "आजची घेतलीस का गं?" असे विचारते, त्याचा उपयोग माझ्या तासाभराच्या व्याख्यानाहून नक्कीच जास्त होतो. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे. तरीही वाढले नाही तर जंत, पाळीचा अतिस्राव किंवा सिकलसेल, थॅलेसेमियासारखे काही आहे का, हे डॉक्टर पाहतील.

काही प्राचार्य म्हणतात, आमचे काम शिकवण्याचे, दवाखाना चालवण्याचे नव्हे. मला हे पटत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि लहान संस्थेने निदान बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे त्यात आहे. म्हणजे उपचार तुम्ही करू नका, पण पोराला दारापर्यंत पोहोचवा. मनाला जे लागू आहे ते रक्ताला का नसावे? (मनाचा विषय निघालाच आहे तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक सूचना फलकावर लावावा.)

व्याख्याने बंद करा असे मी म्हणणार नाही. चकलांब्याच्या पंचक्रोशीत कुणी बोलावले तर मी जाईनच. पण यापुढे निमंत्रण द्यायला येणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधीला एकच विचारणार आहे, गेल्या शिबिरात किती मुली परत गेल्या? आकडा सांगता आला तर शाल-नारळाचा खर्च वाचवा, त्या पैशांत त्या मुलींना तपासणीसाठी गेवराईला घेऊन जा, व्याख्यान मी तिथेच दवाखान्याच्या ओसरीवर देईन.