पेटी जुनी, पडदाही जुनाच बरा

पांढुर्णा-सौसरकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा वाल्वचा रेडिओ अजून निघतो. मर्फी, बुश, फिलिप्स, लाकडी पेटी, पुढे धुळीनं काळवंडलेलं कापड. नातवाला हौस येते. पेटीला पॉलिश होतं, कंडेन्सर बदलले जातात, वाल्व उजळतात आणि आवाज फाटका येतो. कापड सोडवलं की दिसतं, स्पीकरचा पडदा उंदरांनी कुरतडलाय.

मग सकाळच्या गाडीनं नागपूर, सीताबर्डीतून कारचा स्पीकर. खोक्यावर दोनशे वॅट छापलेलं. संध्याकाळी बसवून बघतात तर आवाज आधीपेक्षाही बसका!

यात दुकानदाराचा दोष नाही. दोनशे वॅट हा आकडा स्पीकर किती सोसेल ते सांगतो, किती वाजेल ते नाही. घरगुती वाल्व रेडिओ जेमतेम दोन ते चार वॅट देतो. जुन्या स्पीकरचा पडदा हलक्या कागदाचा आणि त्याची कडही कागदाचीच, त्यामुळे तेवढ्यावर घर भरतं. कारच्या स्पीकरला जड पडदा आणि रबरी कड. ते हलवायलाच ताकद लागते. म्हणून खरेदी करताना वॅट सोडून सेन्सिटिव्हिटीचे डेसिबल विचारावेत. तिथे तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट हवेत, दहा कमी म्हणजे दहापट.

दुसरी गोम ओहमची. ईएल 84 सारख्या वाल्वला समोर पाच हजार ओहमच्या आसपासचा भार लागतो आणि स्पीकर असतो तीन-चार ओहमचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही सोयरीक जुळवतो. त्याचं वेढ्यांचं प्रमाण चाळीसास एक असेल, तर 3.2 ओहमचा स्पीकर वाल्वला 5,120 ओहमचा भासतो. तिथे आठ ओहमचा लावला की तोच भार 12,800 होतो आणि आवाज किरटा, अशक्त येतो. मीटर लावून मोजणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की मीटर नुसता तारेचा रोध दाखवतो. तो छापलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच भरतो. स्पीकर सोडवून रेडिओ चालवून बघणं मात्र साफ टाळावं, त्यात ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो.

चाळीसच्या दशकातला सेट असेल तर आणखी एक मेख. काही स्पीकरांत चुंबकाऐवजी फील्ड कॉइल असते आणि तीच वीजपुरवठ्यात चोकचं काम करते. समजा ती 1,500 ओहमची आहे आणि 60 मिलिअँपिअर वाहतायत, तर तिच्यावर 90 व्होल्ट उतरतात. तिला काढून साधा चुंबकाचा स्पीकर टाकला, तर तिच्या जागी चोक आणि दहा वॅटचा रोध घालावाच लागतो.

एवढं करून ऐकायचं काय? आकाशवाणीचं नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं. तेव्हा पांढुर्णा-सौसरचा छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले. 2023 मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. मधल्या काळात इथला काटा नागपूरवरच फिरत राहिला. मीडियम वेव्हवर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येत नाही. येतो तो निवेदकाचा आवाज, बातम्या, बाजारभाव. जुना कागदी पडदा याच पट्ट्यासाठी घडवलेला. त्याच्या जागी चकचकीत ट्वीटर लावला तर खरखर तेवढी खणखणीत ऐकू येईल.

म्हणून नवा घेण्याआधी जुना तपासावा. ट्रान्सफॉर्मरपासून सुटा करून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘टक्’ वाजून पडदा हलला, तर कॉइल जिवंत आहे. कॉइल तुटलेली असली तर भंगारातल्या दुसऱ्या रेडिओचा तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा स्पीकर शोधावा. नवा हा शेवटचा मार्ग. नुसतं भोक असेल तर पतंगाचा कागद आणि पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल पुरतं. ठिगळ लहान ठेवावं, जाड थर दिला की पडदा जड होतो. रात्रभर वाळू द्यावं. सकाळी दोन्ही अंगठ्यांनी पडदा हलकेच आत दाबला आणि कुठे घासलं नाही, की सीताबर्डीची फेरी वाचली.