ऐंशी अंशांचा ताप

माणसाचा पारा शंभरावर गेला की घरात मिठाच्या पाण्याच्या घड्या, तुळशीचा काढा, शेजारच्या काकूंचा सल्ला असा सगळा सरंजाम सुरू होतो. ते ठीक आहे. पण हाच न्याय कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावणारी जी नवी वैद्यमंडळी हल्ली निपजली आहेत, त्यांच्याशी माझं भांडण आहे. गेम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात 80 चा आकडा दिसला, की यांचे चेहरे दवाखान्यातून निरोप आल्यासारखे होतात.

आमच्या चिरंजीवांच्या मित्रमंडळात असे दोन धन्वंतरी आहेत. "काका, सत्तरच्या वर गेला की जळतो!" कुठे लिहिलंय? कुठेच नाही. कंपन्यांनी लिहिलंय ते निराळंच. इंटेलच्या कोअर आय-नाइन 13900के ची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस. एएमडीच्या रायझन 9 7950एक्स ची 95, आणि काम भरपूर पडलं तर हा गडी 95 ला जाऊन बसणारच, हे 2022 साली कंपनीनेच सांगून टाकलं होतं. रायझन 7 7800एक्स3डी जरा नाजूक प्रकृतीचा. त्याची मर्यादा 89. आमच्या बँकेतही कॅश क्रेडिटचं लिमिट खात्यागणिक वेगळं असतं. भुसार व्यापाऱ्याचं लिमिट कोणी पानवाल्याला लावत नाही. एवढं बी.कॉम. झालेल्याला कळतं, ते इंजिनियर होऊ घातलेल्याला कळू नये?

बरं, लिमिट गाठलं तर होतं काय? धूर वगैरे येत नाही. प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. आम्ही बँकवाले याला 'वर्क टू रूल' म्हणतो. फाइल सरकते, पण सावकाश. त्याउपरही ताप चढला तर मशीन बंद, म्हणजे संप! ही सोय कारखान्यातूनच येते, युनियनच्या मध्यस्थीवाचून. तेव्हा काळजी करायची ती गेम अडखळू लागला तर. 75 आणि 80 च्या आकड्यांवर झोप कशाला घालवायची?

दुकानदार हे सांगत नाही. तो पाण्यावर चालणारा, रंगीत दिव्यांचा कूलर दाखवतो. पण त्या कूलरलासुद्धा खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करता येत नाही, तो काही फ्रिज नव्हे. खोली 10 अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. मे महिन्यात नागपूरला बसून जानेवारीचा आकडा मागायचा, हा कुठला हट्ट?

आणि 2024 साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर खरोखरच आजारी पडले, तेव्हा मूळ दुखणं निघालं जादा व्होल्टेजचं. कंपनीने मायक्रोकोड बदलून दिला, वॉरंटी 2 वर्षांनी वाढवली. कोपऱ्यातल्या आकड्याकडे टक लावून बसलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आकडा बघायचाच असेल तर लेजरसारखा बघा, मागची बाकी धरून. तोच गेम, तोच ऋतू, गेल्या वर्षी 72 आणि यंदा 92? मग कुठेतरी पाणी मुरतंय. बहुधा धूळ, नाहीतर वाळलेली पेस्ट. मशीन बंद करा, पंख्याचं पातं बोटाने धरा आणि मऊ ब्रश फिरवा. आमच्या धन्वंतऱ्यांना हा उपाय पसंत नाही. ब्रशला रंगीत दिवे नसतात म्हणे.