कॉपी टाका, निगेटिव्ह टाकू नका

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरताना जुन्या अल्बमच्या मागून निगेटिव्हच्या पट्ट्या बाहेर पडतात. "आता कोण बघतंय हे!" म्हणत आपण त्या कचऱ्यात टाकतो. यंदा तेवढं करू नका. एकवेळ कॉपी फाटली तर फाटू द्या.

आमच्याकडे आईबाबांचा बीबी का मकबऱ्यासमोरचा फोटो आहे. रोल धुऊन आला तेव्हा मकबरा राखेच्या रंगाचा आणि चेहरे काळवंडलेले. बाबांनी कॅमेऱ्यालाच नावं ठेवली. कित्येक वर्षांनी ती पट्टी मी खिडकीच्या उजेडात धरली, तर आईच्या साडीचा काठसुद्धा जिथल्या तिथे! बिघाड छपाईचा होता. मशीन प्रत्येक फोटोची सरासरी करड्या रंगाला आणून बसवायचं. समोर सगळं पांढरंशुभ्र असलं की ते हमखास मळायचं. एन्लार्जरवर हाताने कॉपी काढणारा कारागीर मात्र तेवढ्या चेहऱ्यावर क्षणभर तळहाताची सावली धरायचा, की चेहरा उजळ उतरायचा.

बघण्याच्या तऱ्हेनेही फोटो बदलतो. छायाचित्रकार रॉबर्ट गिलने 1860च्या दशकात आपल्याकडच्या लेण्यांची जोडचित्रं टिपली. नुसती पाहिली तर एकच फोटो दोनदा छापल्यासारखा वाटतो. स्टिरिओस्कोपला डोळे लावले की खांब पुढे येतात, गाभारा मागे सरकतो.

कोणत्या निगेटिव्ह स्कॅनला द्यायच्या, याची घरी निवड करायला साधा उपाय आहे. खोलीत अंधार करा, टॅबवर कोरी पांढरी स्क्रीन लावा आणि पट्टी कडेला धरून तिच्यावर बोटभर उंच ठेवा. टेकवली तर स्क्रीनचे ठिपके उमटतात. मोबाईलने फोटो काढून रंग उलटवा. रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी छटेमुळे चित्र निळसर येईल, त्यावरून फोटो गेला असं समजू नका.

आवडलेले फोटो स्टुडिओत स्कॅनला द्या. कॉपी नाही, निगेटिव्हच. 24 × 36 मिमीची चौकट 2400 डीपीआयला स्कॅन केली की साधारण 3400 × 2270 पिक्सेल मिळतात. 8 × 12 इंची फोटोला तेवढे पुरतात. 'ऑटो करेक्शन नको' हे आवर्जून सांगा, नाहीतर मकबरा पुन्हा करडा. आणि निघताना पट्ट्या मोजून परत घ्या.