आवाज आधी की पदवी?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत मुलांच्या पुढच्या तालीमीचा विषय निघतो. हल्ली या चर्चेत एक नवी मागणी ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी म्हणते, “मला रेडिओत जायचे आहे.” अब्बा विचारतात, “त्याला कोणती पदवी लागते?” उत्तर येते, “पदवी कशाला? आवाज लागतो, बोलण्याची ढब लागते.” पुढे बोलणे खुंटते. अब्बा नाराज, मूल गप्प. वाचकहो, या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे, कारण यात मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे पणाला लागलेली असतात.

आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. आधी रेडिओचे दरवाजे कोणते आणि ते कसे उघडतात, ते पाहू.

पहिला दरवाजा आकाशवाणीचा. मुंबई, पुणे, नागपूर, रत्नागिरी, परभणी, जळगाव अशी तिची केंद्रे आपल्या राज्यात आहेत. ही केंद्रे गरजेप्रमाणे नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात काढतात. त्यात सहसा पदवी मागितली जाते. अर्जानंतर लेखी परीक्षा आणि मग आवाजाची चाचणी होते. म्हणजे पदवी नसेल तर कितीही गोड आवाज असला तरी तो मायक्रोफोनपर्यंत पोहोचतच नाही. आणि नुसती पदवी असेल तर उमेदवार चाचणीच्या खोलीतून परत येतो. आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. हे काम कायम नोकरीचे नसते. महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळतात आणि मानधन पाळीप्रमाणे असते. त्यामुळे हाताशी दुसरी कमाईची वाट असावीच लागते.

दुसरा दरवाजा खासगी एफएमचा. आपल्या देशात ही केंद्रे 2001 पासून सुरू झाली. येथे आवाजाचा नमुना ऐकतात, समोर बसवून बोलायला लावतात. प्रमाणपत्रापेक्षा हजरजबाबीपणाला, शहराच्या माहितीला आणि श्रोत्याशी जवळीक साधण्याला किंमत जास्त. पण ही जवळीकसुद्धा तयारीतून येते. दोन गाण्यांमधल्या मिनिटभराच्या बोलण्यासाठी आधी वाचावे लागते, लिहावे लागते, नको ते कापावे लागते. ध्वनिमुद्रणाचे संपादन संगणकावर स्वतःला करता आले, तर नव्या मुलाचा उपयोग केंद्राला अधिक होतो.

आता प्रश्न व्यक्तिमत्त्वाचा. लोक समजतात, ते अल्लाहची देणगी असते. असले तर असले, नसले तर नाही. आवाजाचा पोत देणगी असेलही, बाकीचे मात्र कमवावे लागते. याचे उत्तम उदाहरण अमीन सायानी यांचे आहे.

अमीन सायानी यांचा जन्म 1932 मध्ये मुंबईत झाला. मोठे बंधू हमीद सायानी रेडिओवर होते. त्यांनीच अमीन यांना लहान वयात आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची वाट दाखवली. सुरुवात इंग्रजी कार्यक्रमांतून झाली. पुढे हिंदी उद्घोषकाची चाचणी दिली, तेव्हा ते नाकारले गेले. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असे कारण त्यांना सांगण्यात आले, आणि ही हकीकत ते पुढे स्वतःच मुलाखतींत सांगत. तेव्हा ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत होते. तिथल्याच स्टुडिओत रेडिओ सिलोनचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत. ते तिथे जाऊन बसू लागले, ऐकू लागले, बोलण्याची चढ-उतार टिपू लागले. जाहिरात वाचण्याची पहिली संधी तिथेच मिळाली. मेहनताना काय, तर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक डबा! 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि ज्या जिभेला हिंदीसाठी नापास केले होते, तिचे हिंदुस्थानी बोलणे ऐकायला लोक बुधवारी रात्री रेडिओभोवती जमू लागले.

ही जीभ घडली कुठे? बरीचशी घरात. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढांना साक्षर करण्याचे काम करत. त्यासाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढत. ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि भाषा नवसाक्षराला कळेल इतकी सोपी असे. अमीन त्या कामात आईला मदत करत. अवघड शब्द टाळून समोरच्याला कळेल असे बोलायचे, हा धडा त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाआधी मिळाला होता.

आपल्या घरांतही असा धडा देता येतो. आपली बरीच मुले घरात उर्दू किंवा दखनी बोलतात आणि शाळेत मराठी. ही मोठी पुंजी आहे. ‘गझल’मधला ग आणि झ आपल्या मुलांच्या तोंडी सहज येतो. मात्र मराठीत काही जणांचा ‘ळ’ हा ‘ल’ होतो आणि ‘ण’ हा ‘न’ होतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे यांतला ज वेगळा, हेही कानाने शिकावे लागते. रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि लाज न बाळगता ऐकावे. प, फ, ब, भ उच्चारताना मायक्रोफोनवर हवेचा फटका बसतो. म्हणून तोंड किंचित बाजूला धरायची सवय लावावी. घरातल्या बुजुर्गांना ते ऐकवावे आणि काय कळले ते विचारावे. त्यांना न कळलेले वाक्य पुन्हा लिहावे.

शिकण्यासाठी तिसरा दरवाजाही आहे, सामुदायिक रेडिओचा. 2006 नंतर सामाजिक संस्थांनाही अशी केंद्रे चालवता येऊ लागली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे, सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. अशा ठिकाणी पैसा थोडा किंवा नसतोही, पण चुकायला आणि सुधारायला जागा मिळते. मुलींसाठीही हा मार्ग चांगला आहे. रेडिओवर चेहरा नव्हे, विचार आणि वाणी पोहोचते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा मुलांना आम्ही सांगू: आवाजाच्या भरवशावर कॉलेज सोडू नका. विषय कोणताही घ्या, पण पदवी पुरी करा. ती चाचणीच्या दारापर्यंत नेते आणि काम मिळाले नाही तर दुसरीकडे उपयोगी पडते. आणि अब्बा-अम्मींना विनंती, की पदवी हातात येईपर्यंत मुलाची हौस पेटीत बंद करून ठेवू नका. जिभेला वळण लागायला वर्षे लागतात. कॉलेजची तीन वर्षे त्यासाठीच आहेत, आणि त्या वर्षांत त्याचे वाचन ऐकायला घरात कोणीतरी बसलेले असावे.